काडी कोणी मिसळली

नर्सरीत नवा शेतकरी आला की छायाबाई त्याला आधीच सांगून टाकत, "आमच्याकडं द्राक्षं नाही, द्राक्षाचे पाय मिळतात." निफाड तालुक्यात हे कोणाला फोडून सांगावं लागत नसे. वर थॉमसन जातीचं द्राक्ष धरायचं असो नाहीतर सोनाका, खाली जमिनीत खुंट लागतो तो जंगली वेलाचा. डॉगरीज हा त्यातला जुना, खात्रीचा खुंट. खारं पाणी सोसतो, पाण्याची ओढ सोसतो. त्या वेलाच्या पिकलेल्या काड्या तोडायच्या, वीतभर लांबीचे तुकडे करायचे, काळ्या पिशवीत लावून मुळ्या फोडायच्या आणि तीन-चार महिन्यांनी रोप शेतकऱ्याच्या हवाली करायचं. तो ते रानात लावतो, पुढच्या पावसाळ्यात त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतो. खुंट बरोबर होता की नाही हे कळायला पुढं दोन-तीन वर्षं जातात. तोवर सगळा विश्वासाचा मामला.

छायाबाईंचा नवरा हिरामण नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होता. सकाळच्या गाडीने जाई, दिवेलागणीला येई. नर्सरी छायाबाईंनी एकटीने उभी केली असं गावात म्हणत. छायाबाईही ते ऐकून घेत, पण त्यांना ठाऊक होतं की त्यात निम्मा हात अंबूबाईचा होता.

अंबूबाई सुरगाण्याकडची. घरचं भात कापून, झोडून झालं की दिवाळीनंतर पाच-सहा बाया घेऊन ती खाली उतरायची आणि फाल्गुनापर्यंत नर्सरीतच पाल ठोकून राहायची. छायाबाईंपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, अंगाने काटक, बोलायला कमी. पहिल्या वर्षी ती पिशव्या भरायच्या कामावर होती. दुसऱ्या वर्षी तिने आपणहून कात्री हातात घेतली आणि पुढची सोळा वर्षं ती कात्री दुसऱ्या कोणाकडे गेली नाही.

काडी करणं बघायला सोपं वाटतं. पेन्सिलीएवढी जाड काडी निवडायची, फुटव्याचे चार डोळे धरायचे. बुडाचा काप डोळ्याच्या लगत खाली, सरळ. शेंड्याचा काप डोळ्याच्या इंचभर वर, तिरपा. सरळ ते बूड, तिरपा तो शेंडा, म्हणजे लावताना काडी उलटी जायला नको. उलटी गेलेली काडी मरतेच. मग पन्नासाचा गठ्ठा, गठ्ठ्याला दोरी, बुडं औषधात बुडवून पिशवीत. डॉगरीज मुळ्या फोडायला मोठी हट्टी. दुसऱ्यांच्या नर्सरीत शंभरातल्या पन्नास-साठ जगत, अंबूबाईच्या हातच्या ऐंशीच्या वर. ती काय वेगळं करायची ते छायाबाईंना कधी नीट सांगता आलं नाही. काडी हातात घेतली की ती अंगठ्याने डोळा दाबून बघायची, नखाने साल खरवडून आतलं हिरवं बघायची, आणि बऱ्याच काड्या, आपल्याला चांगल्या दिसणाऱ्या, मागे टाकून द्यायची.

छायाबाईंचा मुलगा अमित लहान असताना शाळेतून आला की अंबूबाईच्या शेजारी बसून तिने टाकलेल्या काड्यांची बैलगाडी करायचा. तिला अंबूमावशी म्हणायचा. पुढे तो शेतकीचा डिप्लोमा करून आला आणि नर्सरीचं बुकिंग, गिऱ्हाइकं, फोन बघू लागला.

सहा वर्षांपूर्वी पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही. छायाबाईंच्या मातृवेलींवर रोग पडला, काड्या पिकल्याच नाहीत. हिरव्याच्या हिरव्या राहिल्या नाहीतर काळ्या पडल्या. आणि त्याच वर्षी गोदाकाठचा महेश सहा हजार रोपं सांगून गेला होता. तिशीतला पोरगा, वडील नुकतेच वारलेले, पहिलीच बाग. बुकिंगच्या दिवशी त्याने दोनदा बजावून सांगितलं होतं, "वहिनी, आमच्या विहिरीचं पाणी खारं हाय. आमच्या रानात डॉगरीजशिवाय दुसरं तग धरत नाय. बाकी काही कमीजास्त झालं तरी चालंल." छायाबाईंनी फेब्रुवारीत सहा हजार रोपं द्यायचा शब्द दिला.

अंबूबाईने निवडून निवडून काडी केली, तरी दोन हजार रोपांची काडी कमी पडली. तेवढ्यात छायाबाईंना कळलं की त्यांच्या लांबच्या दिराची जुनी बाग निघते आहे आणि तिच्या बांधाला खुंटाच्या पन्नासेक मोकळ्या वेली आहेत. दीर म्हणाला, "डॉगरीजच हाय, आबांनी लावलेली." छायाबाईंनी छोटा हत्ती टेम्पो भरून काड्या आणल्या आणि शेडमध्ये अंबूबाईपुढे टाकल्या.

अंबूबाईने एक काडी कापली. दुसरी कापली. तिसऱ्या काडीचा काप डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि कात्री खाली ठेवली.

"वैनी, ही डॉगरीज नाय."

"असं कसं? तेव्हाच्या लोकांनी लावलेली आहे."

"लावली असंल. डॉगरीजची काडी कात्रीला कडक लागते. ही काकडीवानी कापते. पेरं बी लांब हायेत." तिने काडी छायाबाईंच्या हातात दिली. "बघा. पंधरा-वीस दिसांत मुळ्या फोडील ही. डॉगरीज एवढी भोळी नसते."

छायाबाईंनी काडी हातात फिरवली. त्यांना फरक दिसला का? नंतर कितीतरी वेळा त्यांनी स्वतःला हे विचारलं. दिसला होता. थोडासा, पण दिसला होता.

"करून तर ठेवा," त्या म्हणाल्या. "पुढचं पुढं बघू."

अंबूबाईने काडी केली. मात्र त्या पन्नास गठ्ठ्यांना तिने जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या बांधल्या आणि पिशव्याही शेडच्या वेगळ्या कोपऱ्यात लावून घेतल्या, तिथल्या दोरीलाही एक चिंधी बांधली.

ती म्हणाली होती तसंच झालं. अठराव्या दिवशी छायाबाईंनी तांबड्या चिंधीकडची एक पिशवी फाडली, तर आत पांढऱ्या मुळ्यांचं जाळं. डॉगरीजच्या काड्यांना अजून नुसत्या गाठी धरत होत्या. जानेवारीत पानं आली. डॉगरीजच्या कोवळ्या पानाला मागून कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक लव असते. ही पानं दोन्ही अंगांनी गुळगुळीत, चकचकीत होती. कोपरा नुसता हिरवागार दिसत होता आणि छायाबाई तेवढा कोपरा चुकवून पलीकडून जायच्या.

महेशला फोन करायला पाहिजे होता. चार हजार तयार आहेत, दोन हजार पुढच्या वर्षी देते, एवढंच म्हणायचं होतं. छायाबाईंनी दोनदा फोन हातात घेतला. पण महेशने खड्डे काढून शेणखत भरून ठेवलं होतं, मांडवाचे अँगल उभे केले होते. आणि दुसऱ्या एका नर्सरीवाल्याने त्याला 'आमच्याकडून सगळी घ्या' असं सांगून पाहिल्याचं अमितच्या कानावर आलं होतं. शब्द मोडला तर गिऱ्हाईक जाईल, आणि गेलेलं गिऱ्हाईक चार जणांना सांगेल. खारं पाणी कितीसं खारं असेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. एका दुपारी बाया जेवायला गेल्या असताना छायाबाईंनी दोरीवरची चिंधी सोडली, आणि कोपऱ्यातल्या पिशव्या क्रेटमध्ये भरताना इतर पिशव्यांत दोनामागे एक अशा घालत गेल्या.

अंबूबाई परत आली. तिने रिकामा कोपरा बघितला, क्रेटकडे बघितलं. "भरल्या का?" एवढंच म्हणाली.

"भरल्या," छायाबाई म्हणाल्या.

त्यावर दोघींत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

तीन वर्षांनी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, महेश आला. एकटा नव्हता. बरोबर त्याच्या गावचे तिघे आणि एक द्राक्षसल्लागार होता. शेडमध्ये काडीचं काम जोरात होतं, बारा-तेरा बाया ओळीने बसलेल्या होत्या, मध्ये अंबूबाई. महेशने मोटारसायकलवरून एक पोतं काढलं आणि त्यातल्या फांद्या जमिनीवर ओतल्या. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

"तीनातलं एक झाड असं हाय," तो म्हणाला. "दोन बरी, एक असं. पहिल्या वर्षी म्हटलं पाणी कमी पडलं असंल. दुसऱ्या वर्षी म्हटलं खत चुकलं. आता यांनी कलमाच्या खालचा फुटवा बघितला." त्याने सल्लागाराकडे हात केला.

सल्लागाराने दोन पानं काढून समोर धरली, एक लव असलेलं, एक चकचकीत. "हे डॉगरीज आहे. हे नाही. माल मिसळलेला आहे."

छायाबाई उभ्या होत्या. अमित ऑफिसातून बाहेर आला, त्याने पानं बघितली. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

"आपल्याकडं असं होत नाय," तो म्हणाला. "काडी करताना बायकांनी गठ्ठे मिसळले असतील. काडी निवडायचं काम अंबूमावशीकडं होतं त्या साली."

सगळ्यांचे डोळे अंबूबाईकडे गेले. महेश दोन पावलं पुढे गेला. "ओ बाई, तुम्हाला एवढं कळत नाय तर कात्री कशाला धरता? माझ्या बापानं आयुष्यभर पै पै जोडून घेतलेलं रान हाय ते. तीन वर्षं गेली माझी. तीन वर्षं!"

अंबूबाईने वर बघितलं, पण महेशकडे नाही. छायाबाईंकडे.

महेशही वळला. "वहिनी, तुम्ही सांगा. कोण बघत होतं हे काम?"

बाया थांबल्या होत्या, कात्र्यांचा आवाज बंद झाला होता. छायाबाई म्हणाल्या, "अंबूबाईंकडंच होतं ते काम."

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

अंबूबाईने मान खाली घातली. मांडीवरचा गठ्ठा अपुरा होता. तिने उरलेल्या काड्या केल्या, मोजून पन्नास भरवल्या, बुडं जमिनीवर आपटून सारखी केली, दोरी बांधली आणि गठ्ठा पाण्याच्या टाकीत ठेवला. मग कात्री पुसून काड्यांच्या पाटीत ठेवली आणि पालाकडे निघून गेली.

महेशचा राग थोडा निवला. पुढच्या वर्षी पाहिजे तेवढी रोपं बदलून द्यायचं अमितने कबूल केलं. पाहुण्यांना चहा झाला. छायाबाईंनी स्वतः चहा केला, त्यात साखर दोनदा घातली, तेव्हा त्या सल्लागाराला वाटलं बाईंना धक्का बसला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाल उठलेलं होतं. अंबूबाईबरोबर तिच्या गावच्या पाचही बाया गेल्या. राहिलेल्या बायांतली नवसाबाई पेठकडची, अंबूबाईच्या हाताखाली शिकलेली. छायाबाईंनी तिला विचारलं, "काही म्हणाली का जाताना?"

"नाय," नवसाबाई म्हणाली. तिने छायाबाईंकडे बघितलं नाही. "रोजाचा हिशोब अमितभाऊकडून घेतला अन् गेली."

छायाबाईंनी मनाशी ठरवलं की पुढच्या दिवाळीला फोन करू, बोलावून घेऊ, सगळं नीट सांगू. दिवाळी आली. अंबूबाईच्या मुलीचा, सविताचा, फोन नंबर त्यांच्याकडे होता. सविता सातपूरला एका वर्कशॉपमध्ये कामाला होती. छायाबाईंनी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही केला नाही. रोपं जगत होती, पण साठावर येऊन थांबायची. अमित म्हणायचा हवामान बदललं आहे.

मग पिंपळगावला नर्सरीवाल्यांची एक बैठक होती. जेवणाच्या वेळी एक जण मजुरांच्या टंचाईवर बोलत होता. तो म्हणाला, "परवा एक म्हातारी आली होती सुरगाण्याची. काडी करते म्हणाली, सोळा वर्षांचा हात हाय म्हणाली. मी म्हटलं, बाई, तूच का ती, काडी मिसळणारी? निंदायला ये म्हटलं." पंगत हसली. छायाबाईंच्या शेजारचाही हसला. आणि छायाबाईंच्या ध्यानात आलं की त्यांच्या स्वतःच्या तोंडावरही हसू आलं आहे, चारचौघांत येतं तसं, आपोआप. त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठल्या.

त्या आठवड्यात त्यांनी घरात कोणाला न सांगता सुरगाण्याची एसटी धरली.

पुढे जीपने आणि शेवटचा मैलभर पायी. मार्गशीर्ष होता. अंबूबाई घरासमोरच्या खळ्यावर नागली पाखडत बसली होती. छायाबाईंना बघून ती उठली, पदर सारखा केला, सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"या वैनी. लय लांब आल्या."

बसायला घोंगडी टाकली. सुनेने काळा चहा केला, तिघींनी घेतला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, भात कसं झालं, हिरामणभाऊ रिटायर झाले का, अमितच्या लग्नाचं काय. छायाबाई प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होत्या आणि ज्यासाठी आलो ते पुढे ढकलत होत्या. शेवटी त्या एकदम म्हणाल्या, "अंबूबाई, माझं चुकलं. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. काडी मीच मिसळली. चिंधी मीच सोडली."

अंबूबाई सुपातली नागली हाताने सारत राहिली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुम्हाला बी ठाव हाय. मग हेच सांगाया इतक्या लांब आल्या?"

"तुमची माफी मागायला आले."

"इथं?" अंबूबाईने पाड्याकडे बघितलं. चार घरं, एक म्हैस, उतारावरची रिकामी खाचरं. "इथं मला कोण काय म्हणतंय? इथल्या मान्सांना काडी म्हंजे काय तेच ठाव नाय. चूल पेटवायची काडी म्हणतील."

छायाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"गेल्या साली ही गेली होती खाली," अंबूबाईने सुनेकडे मान वळवली. "माझ्या हाताखाली शिकलेली हाय. चांगली करते. त्या नर्सरीवाल्यानं विचारलं कुठली तू, कोणाची सून. हिनं सांगितलं. तो म्हणाला, मग तू गवतच काढ. चार महिने गवत काढून आली." तिचा आवाज चढला नव्हता. "सोळा वर्सं, वैनी. माझ्याकडं जमीन किती, घर कसलं, तुम्ही बघताच. कोणी मला लिहाया शिकवलं नाय. एक काडी येत होती. खाली निफाडात लोक म्हणायचे, अंबूबाईची काडी हाय, डोळे झाकून घ्या. ते तुम्ही एका बोलण्यात घेतलं."

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" छायाबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताच त्यांना लाज वाटली.

"मी बोलून कोणी ऐकलं असतं?" अंबूबाई म्हणाली. "तुमचं ऐकलं असतं. म्हणून मी तुमच्याकडं बघितलं."

सून आत भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. छायाबाई म्हणाल्या, "परत या. पहिल्यासारखं..."

"नाय." अंबूबाईने सूप उचललं. "माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट नाय, असं बी मी म्हणणार नाय. तुमच्या मनाला हलकं वाटावं म्हणून मी कशाला खोटं बोलू? तुम्हाला सांगायचंच आसंल तर जिथं बोलल्या तिथं खाली सांगा, चार लोकांत. जेवून जा. जीप तीनला हाय."

नागलीची भाकरी आणि कालवणाला उडदाचं भुजं होतं. छायाबाईंनी ते खाल्लं. अंबूबाईने आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं. पाहुणचारात कुठे काही कमी नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी अमितला सगळं सांगितलं. त्याने हातातलं बुकिंगचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "म्हणजे मी मावशीचं नाव घेतलं, तेव्हा तुला सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला घेऊ दिलंस."

दोन दिवसांनी अमितच म्हणाला, "झालं ते झालं. आता बाहेर सांगून काय मिळणार? लोक म्हणतील, नर्सरीवालीनं जाणूनबुजून मिसळ माल दिला. आपल्याकडं परत कोण येईल?"

"कोणी येणार नाही कदाचित," छायाबाई म्हणाल्या.

निफाडच्या चौफुलीवर सकाळी सातला मजुरांची गर्दी असते. पिकअपवाले येतात, मुकादम ओरडतात, बाया डबे घेऊन उभ्या असतात. छायाबाई तिथे गेल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपण बोलायला लागलो की सगळे गप्प होतील. तसं झालं नाही. त्या एका पिकअपच्या मागे जिथे पंधरा-वीस बाया उभ्या होत्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला एक सांगायचं आहे. आमच्या नर्सरीत दोन वर्षांपूर्वी काडी मिसळली म्हणून अंबूबाईचं नाव झालं. ती तिनं मिसळली नव्हती. ती तर मला सांगत होती, ही डॉगरीज नाही म्हणून. मिसळली मी."

एक बाई म्हणाली, "कोन अंबूबाई?"

"सुरगाण्याची. सोळा वर्षं आमच्याकडं काडी करायची."

"आमी नाय ओळखत," ती म्हणाली. शेजारची म्हणाली, "आमाला एवढंच ठाव हाय का सुरगाण्याच्या बाया काडी मिसळत्यात. म्हणून तिकडच्या बायांना कात्री देत नाय कोणी. आमचा मुकादम बी हेच सांगतो."

अंबूबाईचं नाव त्यातून कधीच गळून पडलं होतं. एका बाईवर घातलेला आळ वाटेत कुठेतरी डोंगरातल्या सगळ्या बायांवर पसरला होता आणि त्यांना, छायाबाईंना, त्याचा पत्ताही नव्हता.

"तसं नाही हो," त्या म्हणाल्या. "तिकडच्या बायांसारखा हात..."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाया भराभर मागच्या फाळक्यावरून चढल्या. चढता चढता त्यातली एक, वयाने जरा मोठी, मागे वळून म्हणाली, "बाई, हे तवाच सांगायचं."

पिकअप गेली. छायाबाई दुसऱ्या गाडीकडे गेल्या आणि तेच पुन्हा बोलल्या. मग तिसऱ्या. एका मुकादमाने ऐकून घेतलं, लंकाबाई नावाच्या एका म्हातारीने अंबूबाईला ओळखलं आणि ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मी म्हणतच होते." आठ वाजेपर्यंत चौफुली रिकामी झाली.

तिथूनच त्या महेशकडे गेल्या. जिथे खराब झाडं जास्त होती त्या ओळी त्याने काढून टाकल्या होत्या आणि नवी रोपं न लावता तिथे गहू पेरला होता. तो बांधावर बसला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं.

"दोनदा सांगितलं होतं तुम्हाला मी," तो शेवटी म्हणाला. "पाणी खारं हाय म्हणून."

"हो."

"मला तुमचा राग नाय येत आता. तेव्हा आला असता तर बरं होतं. तेव्हा जो होता तो मी त्या बाईवर काढला." त्याने गव्हाची एक काडी उपटली. "तिच्या वयाची माझी आई हाय. मी काय काय बोललो तिला. तुमच्यामुळं बोललो, पण बोललो तर मीच ना."

त्याने छायाबाईंना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्यांना ते रास्त वाटलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. खरी गोष्टही पसरते, फक्त ती नर्सरीवालीबद्दलची असली तर. त्या हंगामात बुकिंग निम्म्यावर आलं. अमित चिडला, महिनाभर आईशी कामापुरतंच बोलला, पण नर्सरी सोडून गेला नाही. छायाबाईंनी सविताला फोन करून सांगितलं की चौफुलीवर सांगून झालं, नर्सरीवाल्यांच्या पुढच्या बैठकीतही सांगितलं. सविता म्हणाली, "आईला सांगते." चार दिवसांनी छायाबाईंनीच पुन्हा फोन केला. "सांगितलं," सविता म्हणाली. "आई म्हणाली, बरं."

"आणखी काही?"

"नाही. बरं म्हणाली."

यंदा दिवाळीनंतर अंबूबाईची सून आली. तिच्या गावची ती एकटीच, पेठकडच्या बायांबरोबर, नवसाबाईच्या ओळखीने. छायाबाईंनी तिच्यापुढे पाटी आणि कात्री ठेवली. तिने काडी उचलली, अंगठ्याने डोळा दाबून बघितला, निम्म्या काड्या मागे टाकल्या. तिच्या हातची रोपं पंच्याहत्तरपर्यंत जगली. चार महिने ती शेडमध्ये मध्यभागी बसून काम करत होती. छायाबाईंशी कामाचं बोलायची, विचारलं तेवढं सांगायची. दुपारी छायाबाई बायांसाठी चहा पाठवायच्या, तो ती घेत नसे; चहा सोडला आहे म्हणायची. तिच्या घरी छायाबाईंनी तिच्याच हातचा चहा तिच्यासमोर बसून घेतला होता, आणि तेव्हा तिनेही घेतला होता.

फाल्गुनात जाताना ती नवसाबाईला म्हणाली की पुढच्या वर्षी दिंडोरीकडे जायचं आहे, तिथल्या एका नर्सरीने काडीच्या कामाला बोलावलं आहे. सासूचं नाव सांगूनही बोलावलं, असंही म्हणाली. नवसाबाईने ते छायाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या पिशव्यांना पाणी देत होत्या. त्यांनी नळी खाली ठेवली आणि रस्त्यापर्यंत गेल्या. पण जीप तोवर निघून गेली होती, आणि तसंही, काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.